जेवायला जाणारा भूकंप

"हे काय आहे?" कर्णिक सरांनी पेनाचं टोपण स्क्रीनवर टेकवलं.

"भूकंप, सर."

"कुठला?"

"बदलापूरचा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. भूकंप तिथेच होता. सरळ चाललेल्या रेषेत मधेच एक टोकदार झुपका, झोपलेल्या मांजराच्या शेपटीवर कुणी पाय द्यावा तसा. एका आठवड्यात असे सहा झुपके.

"कुणाला बोललीस?"

"कुणाला नाही."

म्हणजे फक्त आईला. आणि आईला सांगितलेली गोष्ट आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पोचायला लिफ्टपेक्षा कमी वेळ लागतो. पण ते सरांना सांगायची ती वेळ नव्हती. पीएच.डी.ची मुलाखत तोंडावर आली होती. सरांच्या हाताखाली त्या वर्षी जागा एकच होती आणि अर्ज आले होते साधारण पाच हजार. म्हणजे अकरा. पण अकरा टॉपर एका बाकावर ओळीने बसले की पाच हजारांसारखेच दिसतात.

मी कुळगावची, म्हणजे बदलापूरचीच. आमचं मूळ घराणं शेतीवाल्या आगऱ्यांचं. माझ्या आधी आमच्यात जमिनीचा अभ्यास एकाच कारणासाठी झालेला होता, सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघायला. जमिनीच्या आत काय चाललंय हे कुणी विचारलं नव्हतं. मी एम.एस्सी.ला भूभौतिकी घेतली तेव्हा बाबांनी अख्ख्या अंबरनाथ एमआयडीसीला सांगितलं की पोरगी भूगोल शिकते. ते तिथल्या एका केमिकल कंपनीत होते. तिथल्याच लॅबमध्ये त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. "मुलाखतीत नाव आला तर तुझा रस्ता तुला मोकळा," बाबा म्हणाले होते, "नाय आला तर एक तारखेपासून माझ्याबरोबर डबा घेऊन निघायचं." बाबा ओरडत नाहीत. म्हणूनच भीती वाटते.

सरांची अट वेगळी होती. "मार्क सगळ्यांकडे आहेत," ते म्हणाले होते, "तू मला एक स्टेशन चालवून दाखव. मग मी समितीसमोर तुझ्यासाठी तोंड उघडीन."

स्टेशन म्हणजे इथे गाड्या थांबत नाहीत. सिस्मोमीटर नावाचं यंत्र जिथे बसवतात ती जागा म्हणजे स्टेशन. सिस्मोमीटर म्हणजे जमिनीच्या नाडीवर ठेवलेलं वैद्याचं बोट. जमीन केसाच्या हजाराव्या भागाइतकी हलली तरी त्याला कळतं. फक्त हे बोट फार हळवं असतं, म्हणून त्याला शांत जागा लागते. माणूस जी जी हालचाल करतो तिला आमच्या धंद्यात नॉइज म्हणतात. ट्रक, पंप, मिक्सर, लग्न, सगळं नॉइज. बदलापुरात शांत जागा शोधणं म्हणजे हळदीच्या मांडवात ध्यानाला बसणं. पण माझ्याकडे हिराकाका होता.

हिराकाका हा बाबांचा थोरला भाऊ. शिरगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्याची जमीन होती. चहूबाजूंनी टॉवर चालून आले, बिल्डरांनी उंबरठे झिजवले, काकाने जमीन सोडली नाही. काळ्या आईवरच्या मायेमुळे नव्हे. त्या जमिनीवर त्याचा बादल पळायचा. बादल हा शर्यतीचा बैल. काकाच्या म्हणण्याप्रमाणे तो मालगाडीला मागे टाकतो. मी पाहिलंय, तो रिक्षाला मागे टाकतो, तेही चढावर. पण आमच्या घराण्यात आकडा सांगताना तो आधी थोडा शिजवून घ्यायची पद्धत आहे.

जागा मात्र खरोखर हिऱ्यासारखी होती. हातभर माती काढली की खाली काळा कातळ. त्याच्यावर सिमेंटचा ठोकळा, ठोकळ्यावर यंत्र, वर उपडा घातलेला निळा ड्रम, ड्रमवर माती, शेजारी सोलर पॅनेल. बॅटरी उल्हासनगरला एका सिंधी दुकानदाराकडून आणली. तो म्हणाला, "बेटी, छे महिने की गॅरंटी. बॅटरी की, हां. भूकंप की नहीं." सगळं लागलं. दर रविवारी जायचं, डेटाचं कार्ड बदलायचं, काकूच्या हातचं जेवायचं आणि सोमवारी कार्ड घेऊन विद्यापीठात हजर व्हायचं.

पहिले काही रविवार स्टेशन इतकं शांत होतं की सर चक्क "बरं आहे" म्हणाले. सरांच्या तोंडचं "बरं आहे" म्हणजे इतर लोकांनी हत्तीवरून साखर वाटण्याचा प्रकार. समुद्रापारचे लांबचे मोठे भूकंपही आले, सुंदर आले. पण माझ्या प्रोजेक्टचा विषय होता स्थानिक भूकंप. आणि स्थानिक एकही नाही.

त्या रविवारी काकूने सुकट आणि तांदळाची भाकरी वाढली होती.

"काय गो बाय," काकूने विचारलं, "घावला का काय मशिनीला?"

"काही नाही काकू. मशीन रिकामं. असंच रिकामं राहिलं तर माझी सीट गेली आणि मी चालले अंबरनाथला बाटल्या धुवायला."

काकाचा घास हातात थांबला. "एक पन नाय आला?"

"बारीकसा पण नाही."

"आनि आला तं?"

"आला तर काका, सर मला डोक्यावर घेऊन नाचतील."

कर्णिक सर स्वतःच्या लग्नातही नाचले नसावेत. रिकामं कार्ड हासुद्धा एक निकाल असतो, हेही मला माहीत होतं. पण आमच्या घरी ताटावर बसून मोजूनमापून बोललं तर कालवण अळणी लागतं.

पुढच्याच कार्डावर सहा झुपके आले.

सरांनी कामाचा पहिला प्रश्न विचारला तो एस आणि पी यांच्यातल्या अंतराचा. सोपं आहे. भूकंपाच्या जागेवरून दोन लाटा एकदम निघतात. पी नावाची पळपुटी, ती आधी पोचते. एस नावाची जड अंगाची, ती मागून येते. भूकंप जितका लांब, तितकं दोघींमधलं अंतर जास्त. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, तसंच. माझ्या झुपक्यांमध्ये दोघी जवळजवळ हातात हात घालून आल्या होत्या.

"म्हणजे अगदी जवळ," मी म्हणाले. "स्टेशनच्या जवळपास खालीच."

"किंवा वर," सर म्हणाले. "जवळच्या दगडखाणीतला सुरुंग असेल. विचारून ये."

मी खाणीवर गेले. मॅनेजर कंटाळलेला होता. "मॅडम, आमचा क्रशर महिनाभर बंद आहे. सुरुंग कशाला लावू? करमत नाही म्हणून?"

म्हणजे सुरुंग नाही. मी परत येताना रस्त्याने चालत नव्हते, जमिनीवर जपून पाय ठेवत होते. आमचं घर सातव्या मजल्यावर. त्या संध्याकाळी मला भिंतीत चौदा तडे दिसले, त्यातले तेरा रंगाचे होते. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरलं आणि मी दाराकडे धावले.

"बस खाली," आई म्हणाली. "टाकीचा पंप लागलाय."

पण तिचाही आवाज नेहमीचा नव्हता. ग्रुपवर सेक्रेटरीने विचारलं होतं की भूकंप आला तर मेंटेनन्समध्ये बसतो का. अंबरनाथच्या बुवापाड्यातून मावशीचा फोन आला. "तुमच्याकडे आलाय म्हणे. आमच्याकडे कधी येनार?"

"मावशी, भूकंप काय सत्यनारायणाचा प्रसाद आहे, घरोघर यायला?"

"आगाऊपना नको करू. सिलेंडर खाली उतरवून ठेवू का, तेवढा सांग."

मला सांगता येईना. हसत होते, पण झोप उडाली होती. भूकंप खरा असला तर घर जातं, खोटा असला तर सीट जाते. देवाकडे मागायचं तरी काय? मी दोन्ही बाजूंनी नवस बोलून ठेवले.

रविवारी मी काकाकडे पोचले तर काका दारातच उभा.

"आले का?"

"आले काका! सहा!"

काकाने काकूकडे पाहिलं. काकूने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, बिचारी घाबरली.

"मोटे की बारीक?" काकाने विचारलं.

"बारीकच आहेत."

"मोटा पायजेल का?"

माझं तोंड सुकटाने भरलेलं होतं. "मोठा आला तर सोन्याहून पिवळं," मी म्हणाले.

काकाने समाधानाने हात धुतले. त्या दिवशी मला ताटात दोन बोंबील जास्त मिळाले. घरी येताना मी विचार करत होते, चौथी शिकलेला माणूस, पण शास्त्राची केवढी ओढ!

पुढच्या कार्डावर मोठे आले. आधीच्यापेक्षा तिप्पट उंच झुपके, आणि संख्याही वाढलेली. एकाच जागी असे लहान-लहान धक्के वाढत जातात त्याला स्वॉर्म म्हणतात. म्हणजे मोहोळ. कधी ते उठतं आणि आपोआप बसतं. कधी त्याच्या मागून मोठा धक्का येतो. पुस्तकात दोन्ही दिलेलं असतं, आणि आपलं कुठलं हे पुस्तकात दिलेलं नसतं. मी मुलाखतीच्या प्रेझेंटेशनला नाव दिलं, 'बदलापूरच्या पोटातील भूकंपांचे मोहोळ'. सरांनी ते खोडलं आणि लिहिलं, 'एका स्टेशनवरील अस्पष्ट नोंदी'.

"सर, पण लोकांना सांगायला नको का? सातव्या मजल्यावर..."

"काय सांगणार? काय आहे ते तुला माहीत आहे?"

"नाही."

"मग काय सांगणार? आधी एक काम कर. प्रत्येक झुपक्याची वेळ काढ. दिवसाच्या कुठल्या तासाला किती, त्याचे खांब काढ."

मी खांब काढले. सकाळी नऊनंतर खांब वर चढत होते. एक ते तीनच्या जागी काहीच नाही, सपाट. तीननंतर पुन्हा खांब. पाचनंतर सगळं शांत.

सरांनी पेनाचं टोपण त्या सपाट जागेवर टेकवलं.

"तुझा भूकंप जेवायला जातो," ते म्हणाले.

"आणि जेवून पडतोही, सर."

"फॉल्टला पोट नसतं." फॉल्ट म्हणजे जमिनीतली भेग, जिच्यावर भूकंप होतात. "यामागे माणूस आहे. मुलाखतीच्या आत शोध. नाही सापडला तर हे सगळं काढून टाक आणि रिकाम्या हाताने ये."

"रिकाम्या हाताने आले तर सीट मिळेल?"

सर पुढची फाइल काढून वाचायला लागले. उत्तर न देण्यात ते फार प्रामाणिक होते.

मी लॅबमध्ये बसून त्या झुपक्यांकडे बघत राहिले. माणूस. पण कोण? जवळ बांधकाम नाही, रस्ता नाही, कारखाना नाही. मग लक्षात आलं की मधला एक गुरुवार कोरा आहे. त्या आठवड्यात रोज भूकंप, गुरुवारी एकही नाही. त्या गुरुवारी काय होतं? आठवलं. त्या गुरुवारी बैलगाड्यांची शर्यत होती. काकाने बादलचा गुलाल लावलेला फोटो मला पाठवला होता. अख्खा पाडा तिकडे गेला होता.

मी काकूला फोन लावला. "काकू, शर्यतीला काकाबरोबर कोण कोण गेलं होतं?"

"सगलेच गेलते. पिंट्या पन गेलता."

"पिंट्या? जेसीबीवाला?"

काकू घाईघाईने म्हणाली, "मी काय नाय बोलले हां बाय!" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न सांगता शेतावर गेले. बांधावर पाड्यातली पाच-सहा म्हातारी माणसं ओळीने बसली होती, कुस्त्यांना बसतात तशी. शेताच्या त्या टोकाला पिंट्याचा पिवळा जेसीबी उभा. त्याच्या पुढच्या सुपात एक काळाकभिन्न धोंडा. आणि समोर, खांद्यावरचा टॉवेल हातात घेऊन, शर्यत सोडणाऱ्या पंचाच्या आवेशात उभा असलेला आमचा हिराकाका.

टॉवेल खाली आला. धोंडा पडला. माझ्या पायांना धक्का बसला. बांधावरचा एक म्हातारा म्हणाला, "ह्यो धा रिश्टर."

काकाने मला पाहिलं. पहिल्यांदा दचकला. मग सगळं तोंड हसलं. "आलीस? बग, आज मोटा केला!"

मी तिथेच ढेकळावर बसले.

"काका... काय करताय?"

"तुजा काम. तू बोलली व्हतीस ना, एक पन नाय आला तं सीट जाल. मी बोललो, आपले पोरीची सीट अशी कशी जाल? पिंट्या बोलला, जेसीबी माजा, डिझेल माजा."

"दीदी, टेन्शन नको लेऊस," पिंट्या सीटवरून ओरडला. "जेवन झाल्यावर अजून चार मारतो!"

"मशिनीला धक्का नको म्हनून लांबून केला," काका काळजीने म्हणाला. "येवडा कलतं मना."

"पण मला सांगायचं तरी!"

"तुना कसा सांगनार? तुजे बापाला दहावीला खिडकीतून चिठ्ठ्या कोनी टाकल्या? मीच. पोलीस मागे लागला तरी टाकल्या. तवा त्याला आधी सांगितला व्हता काय? परीक्षेला बसनाऱ्याला सांगाचा नस्ता. त्याचा हात थरथरतो."

आता कळलं. आमच्या घराण्यात शिक्षणाला मदत करायची ही जुनी, सिद्ध झालेली पद्धत होती. फक्त या वेळी खिडकी नव्हती, म्हणून जमिनीतून कॉपी पुरवली होती.

मला रडू आलं. "काका, हे भूकंप खोटे आहेत!"

"खोटे कशे? जमीन हालली का नाय?"

"हालली."

"मशिनीने लिवला का नाय?"

"लिहिला."

"मंग?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आता डॉक्टरेट झालेय, तरी अजूनही नाही.

बांधावरची म्हातारी एकेक करून उठायला लागली. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं होतं, काय ते कळलं नव्हतं. काकाने टॉवेल खांद्यावर टाकला. त्याचा चेहरा शर्यत हरलेल्या दिवशीही मी असा पाहिला नव्हता. "माज्यामुले गेली काय सीट?" त्याने हळूच विचारलं.

मी फोन काढला. सरांना सगळं सांगितलं. धोंडा, जेसीबी, टॉवेल, सगळं. न वाढवता, आयुष्यात पहिल्यांदा.

मग सर म्हणाले, "दगडाचं वजन किती?"

"अं?"

"वजन. किती उंचीवरून टाकतात? यंत्रापासून किती अंतर?"

"माहीत नाही, सर."

"मग कळव." आणि फोन बंद.

मी काकाकडे वळले. "काका, धोंडा किती वजनाचा?"

"दोन बैल आनि वर एक वासरू."

"तीन टन, दीदी," पिंट्या म्हणाला. "लिहून घे."

"आणि उंची?"

"ताडायेवडी!"

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. भूकंपाची तीव्रता मोजतात त्या आकड्यांच्या मोजपट्टीवर एक पायरी वर म्हणजे ऊर्जा साधारण तीसपट. दोन पायऱ्या म्हणजे हजाराच्या घरात. म्हणजे या शास्त्रात बढाई मारली तर तिच्यावर चक्रवाढ व्याज लागतं. एक आकडा वाढवून सांगितला तर तीसपट खोटं. आमच्या घराण्याला न परवडणारा हा धंदा मी निवडला होता.

तेव्हा धोंडा टेम्पोत चढवला आणि अंबरनाथ रोडच्या वजनकाट्यावर नेला. आधी भरला टेम्पो, मग रिकामा. काट्यावरच्या माणसाने पावतीचं पुस्तक उघडलं. "माल काय लिहू?"

"भूकंप," पिंट्या म्हणाला.

त्याने मान वर न करता 'दगड' लिहिलं. वजन एक टनाला थोडं वर निघालं.

"काटा खोटा हाय," काका म्हणाला. परत येताना त्याने टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

पण शेतावर आल्यावर मी टेप काढला आणि काका पुन्हा जागा झाला. यंत्रापासून सरळ रेषेत खुंट्या मारल्या. प्रत्येक खुंटीवर तोच धोंडा, तेवढ्याच उंचीवरून. जेसीबीचा हात किती उंच ते बांबूवर खूण करून ठेवलं. बांधावरची म्हातारी परतून आली आणि आता सगळे मिळून ओरडून अंतर सांगायला लागले, प्रत्येक जण वेगळं. मी टेपवरचंच लिहीत होते. एक वाजता सगळे जेवायला गेले. मीही गेले. तीन वाजता पुन्हा सुरू.

याला कॅलिब्रेशन म्हणतात. यंत्राला आपल्याला माहीत असलेला धक्का द्यायचा आणि ते खरं बोलतं का बघायचं. शिवाय प्रत्येक खुंटीपासून लाट किती वेळात पोचली हे कळलं की वरच्या मातीत ती किती वेगाने धावते, खालच्या कातळात किती, आणि माती संपून कातळ कुठे सुरू होतो, हेही निघतं. याच कामासाठी कंपन्या ट्रकभर सामान घेऊन येतात. आमच्याकडे पिंट्या होता.

तरीही मुलाखतीच्या सकाळी माझ्या हातात जे होतं ते होतं एक धोंडा आणि शून्य भूकंप. बाहेरच्या बाकावर बाकीचे दहा जण बसले होते. एकाने परदेशातल्या डेटावर काम केलं होतं. एकीचा पेपर छापून आला होता. बाबांनी सकाळी निघताना विचारलं होतं, "एक तारखेला तुझा डबा सांगू का आईला?" मी म्हटलं होतं, "थांबा."

आत तिघं होते. कर्णिक सर, विभागप्रमुख मॅडम, आणि बाहेरून आलेले एक तज्ज्ञ. ते किडकिडीत होते आणि पापणी लववत नव्हते. मी पूर्ण वेळ मोजत होते, दोनदाच लवली.

"किती स्थानिक भूकंप नोंदवले?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"एकही नाही, सर."

"मग हे झुपके?"

"हे माझे काका आहेत."

मॅडमना चहाचा ठसका लागला. तज्ज्ञांचा चेहरा काही हलला नाही. "सविस्तर सांगा."

मी सांगितलं. एस आणि पी, खाण, जेवणाची सुट्टी, कोरा गुरुवार, टॉवेल, वजनकाटा. खुंट्यांवरून काढलेला वेगाचा आलेख दाखवला. त्यांनी तो पाहिला, बाजूला ठेवला आणि पुढे वाकले.

"समजा तुमचे काका जेवायला गेले नसते. समजा त्यांनी वेळी-अवेळी दगड टाकले असते. तर तुम्हाला कळलं असतं?"

माझ्या जिभेवर एक फार सुंदर उत्तर तयार होतं. लांबलचक, इंग्रजी शब्दांनी भरलेलं, निम्मं खोटं. आमच्या अख्ख्या घराण्याने ते ऐकून टाळ्या वाजवल्या असत्या. मी कर्णिक सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"नसतं कळलं, सर," मी म्हणाले. "एका स्टेशनवर नाही. मी मोहोळच समजले असते."

"मग उपाय?"

"आणखी दोन स्टेशनं. लांब लांब. खरा भूकंप तिन्हीकडे पोचतो. काकांचा दगड त्यांच्या शेताच्या बांधापलीकडे जात नाही. आणि काका एका वेळी तीन ठिकाणी टॉवेल हलवू शकत नाहीत."

ते काहीतरी लिहायला लागले. मला जायला सांगितलं.

यादी लागायला बरेच दिवस गेले. त्या दिवसांत मी किती वेळा विद्यापीठाची वेबसाइट उघडली ते सांगत नाही, सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि या वेळी आकडा खरा आहे. आईने माझ्यासाठी नवा डबा आणून ठेवला होता, तीन कप्प्यांचा. तो ओट्यावर होता आणि मी त्याच्याकडे पाठ करून जेवायचे. काका रोज फोन करून विचारायचा, "लागली का यादी?" आणि मी नाही म्हटलं की फोन ठेवायचा.

महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी दुपारी यादी लागली. नाव एकच होतं. मी ते चार वेळा वाचलं. मग बाबांना फोन लावला. तिकडे मशिनांचा आवाज होता. बाबा म्हणाले, "बरं," आणि मग, "भूगोलच ना?"

कर्णिक सरांना भेटायला गेले. ते डोक्यावर घेऊन नाचले नाहीत. "तीन स्टेशनं," ते म्हणाले. "जागा शोध. नातेवाईक नकोत."

पाड्यात आज अशी कथा आहे की हिराकाकाने बारा रिश्टरचा भूकंप करून पुतणीला पीएच.डी. मिळवून दिली. धोंडा अजून शेतात आहे, दर वर्षी थोडा मोठा होतो. आता मी विद्यापीठातच शिकवते. नवीन स्टेशनला जागा बघायला गेलं की विद्यार्थी रस्त्याचं अंतर मोजतात, पंप बघतात, खडक ठोकून बघतात. शेवटी मी विचारते, "इथे जवळपास तुमच्यावर जीव लावणारं कुणी राहतं का?" त्यांना वाटतं मॅडम विनोद करतात. कुणी हो म्हणालं, तर मी जागा बदलते.

माझ्या तीन स्टेशनांपैकी एक म्हणून काकाकडचं तेवढं ठेवलंय. काकाने आता यंत्राभोवती कुंपण घातलंय आणि बादललाही त्या बाजूला फिरकू देत नाही. मग एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज घाबरलेला.

"बाय, आता भांडी वाजली. तुला कलला काय?"

"नाही काका. काय झालं?"

"आईशप्पत सांगतो. पिंट्या कल्यानला गेलाय. धोंडा जागचे जागी हाय. हा आमी नाय केला."

मी धावत स्क्रीनपाशी गेले; आता कार्डाची वाट बघावी लागत नाही, नोंदी थेट येतात. तिन्ही स्टेशनांवर आला होता. पी आधी, एस मागून, मधे चांगलं अंतर. शेतापासून काही कोस लांबचा, लहानसा, पण खराखुरा, जमिनीच्या पोटातून आलेला. माझ्या स्थानिक भूकंपांच्या यादीतला पहिला. मी त्याची वेळ लिहिली, अंतर लिहिलं, तीव्रता लिहिली, आकडा आला तेवढाच. शेवटच्या रकान्यावर 'शेरा' असं छापलेलं असतं. सहसा तो रिकामा सोडतात.

मी लिहिलं, 'काकाने केलेला नाही.'